सुका बोंबील, ओला डोळा

आमच्या कुत्र्याच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नाही हे आम्हाला कळलं, तेव्हा त्याचा उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता. रोज सकाळी पापण्यांच्या कडांना हिरवट, चिकट घाण साचायची. आम्ही ती कोमट पाण्याने पुसायचो आणि डोळे आलेत म्हणायचो. जवळच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं आणि औषध दिलं. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा घाण. मग बुबुळावर तपकिरी पडदा चढायला लागला, जुन्या पुस्तकाच्या पानावर डाग चढत जातात तसा. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे मला उपमा तिथल्याच सुचतात. फरक एवढाच की पुस्तकं ओलीने खराब होतात आणि हा कोरडेपणाने होत होता.

कुत्रा पग जातीचा. चपटं नाक, बटाट्यासारखे डोळे. मुलाने हौसेने आणला. मग मुलगा बंगळुरूला गेला आणि कुत्रा मुलुंडला राहिला.

घाटकोपरला जनावरांच्या डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई आहेत असं कळलं, तेव्हा त्याला रिक्षात घालून तिथे नेलं. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी त्याच्या खालच्या पापणीत अडकवली आणि मिनिटभर घड्याळाकडे बघत थांबल्या. डोळ्यात जेवढं पाणी, तेवढी पट्टी भिजते. धडधाकट कुत्र्याची पंधरा मिलिमीटरच्या पुढे भिजते. आमच्याची दोन भिजली.

"आणि हे दोनसुद्धा मी सढळ हाताने म्हणतेय," त्या म्हणाल्या.

त्याचं शरीर स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटलं होतं. शरीराने असं का करावं, याला फारसं समाधानकारक उत्तर नसतं. त्यांनी थेंब लिहून दिले, दिवसातून चार वेळा. ग्रंथी जाग्या झाल्या तर ठीक, नाही तर पुढचं पुढे.

बायको अजून नोकरी करते, मी निवृत्त. थेंबांचं काम माझ्याकडे आलं. पहिला आठवडा बरा गेला, कारण त्याला काही कळलं नव्हतं. थेंबांची बाटली फ्रिजमध्ये असायची. दुसऱ्या आठवड्यापासून मी फ्रिज उघडला की तो दिवाणाखाली जायचा. फ्रिजमध्ये दूधही असतं, चीजही असतं. बायकोने उघडला तर हाच कुत्रा शेपूट हलवत हजर. कोणी उघडला हे त्याला पावलांवरून समजायचं. आठ महिने मी त्याला दिवाणाखालून ओढून काढलं, मांडीत दाबलं आणि पापणी उचलली. सुरुवातीला तो गुरगुरायचा, एकदा हलकासा चावलाही. नंतर त्याने तेही सोडलं. नुसता ताठ व्हायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा, सरकारी कचेरीत नंबर लागेपर्यंत माणूस बसतो तसा.

आता खालच्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या खालच्या मजल्यावर जो राहतो त्याला आमच्या घरात नाव नाही, 'खालचा' एवढंच. माझ्याच वयाचा, मूळचा मालवणकडचा, बंदरात नोकरी करून निवृत्त झालेला, आणि गेली बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याची टाकी धुतली तरी हा नारळ फोडतो. नवी लिफ्ट बसली तेव्हा रिबन कापायचा समारंभ केला. प्रमुख पाहुणा आयत्या वेळी आला नाही, म्हणून पाहुण्याच्या खुर्चीत स्वतः बसला, मग उठून पाहुण्याचे आभार मानले, आणि पुन्हा बसून ते स्वीकारले. आमचं अरे-तुरेचं आहे. तो मला पंडित म्हणतो, कारण मी सभेत कागदावरून वाचून बोलतो.

संध्याकाळी तो आवारातल्या बाकड्यावर बसतो. त्याच्या खिशात कागदाची पुडी असते आणि पुडीत भाजून चुरलेला सुका बोंबील. मी कुत्र्याला घेऊन खाली उतरलो की तो लांबूनच हाक मारायचा, "काय रे राजा, खंय होतंस? मगासपासून वाट बघतंय तुझी!"

आणि तो राजा, ज्याला मी नुकताच दिवाणाखालून फरफटत काढलेला असायचा, त्याच्या पायांशी उताणा पडायचा. चारी पाय वर. जीभ बाहेर. मी पट्टा धरून बाजूला, दरबारातल्या हुजऱ्यासारखा.

मला मत्सर वाटत होता. हा शब्द मी जाणूनबुजून साधा लिहितोय, कारण तेव्हा मी त्याला बरीच चांगली नावं देत होतो: कुत्र्याच्या पोटाची काळजी, शिस्त, बाहेरचं खाणं नको. नोकरीत माझ्या मागून आलेला माणूस माझ्या पुढे गेला, तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाने एका पगपायी जळावं, तेही बोंबलाच्या चुऱ्यावर, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. बायकोला न सांगता कळलं.

"तुम्ही पण द्या ना त्याला काहीतरी."

"देतो की. दहीभात कोण देतं?"

"दहीभात म्हणजे काय लाच झाली?" ती म्हणाली. "लाच द्यायची तर नीट द्यावी."

आठ महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा पट्टी लावली. दोन. उजव्या डोळ्यावर पडदा पूर्ण आला होता. डाव्यावर कडेने सुरू झाला होता.

"ग्रंथी गेल्या," त्या म्हणाल्या. "डावा डोळा अजून बघतोय. तो ठेवायचा असेल तर ऑपरेशन."

त्यांनी एका कागदावर कुत्र्याचं डोकं काढून दाखवलं. कानाखाली लाळेची मोठी ग्रंथी असते. तिथून एक बारीक नळी गालातून जाते आणि तोंडात, वरच्या दाढेजवळ उघडते. ते टोक तोंडातून सोडवायचं, गालाच्या कातडीखालून वर न्यायचं आणि डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत बसवायचं. अश्रू नाहीत तर लाळ. डोळ्याला ओल मिळण्याशी मतलब.

"म्हणजे तोंडाला पाणी सुटलं की ते डोळ्यातून येणार?" मी विचारलं.

"हो. जेवताना ढसाढसा रडेल. बघणाऱ्यांना कसंतरी होतं. त्याला स्वतःला काही वाटत नाही."

"आणि जेवत नसेल तेव्हा?"

"थोडी लाळ दिवसभर येतच असते. पण खाणं, खाण्याचा वास, खायला मिळेल अशी आशा, यावर बरंच आहे."

मग त्यांनी त्याच्या जिभेवर कडू औषधाचा एक थेंब टाकला, ग्रंथी काम करते का बघायला. क्षणात तोंड फेसाने भरलं. डॉक्टरबाई खूश झाल्या. एकाच चेहऱ्यावर वरच्या मजल्याला पाण्याची टंचाई आणि खालच्या मजल्याची टाकी वाहून चाललेली.

परतताना रिक्षा विक्रोळीपर्यंत पोचली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यापुढे याचा डोळा भरून येणार तो कोणाला बघून, हे मला माहीत होतं. आतापर्यंत ती गोष्ट निदान शेपटीपुरती होती.

जुलै संपता संपता ऑपरेशन झालं. खालच्याने त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'आपल्या सोसायटीचे लाडके सदस्य यांच्यावरील नेत्रशस्त्रक्रिया यशस्वी. सर्वांनी प्रार्थना करावी.' माझी सासू गेली तेव्हा ग्रुपवर सतरा जणांनी हात जोडले होते. कुत्र्याला त्रेचाळीस जणांनी जोडले. मी मोजले.

तिसऱ्या दिवशी तो दारात आला. हातात पुडी.

"कसा आहे राजा?"

"भेटी बंद आहेत," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय. इन्फेक्शन."

"अरे बापरे. किती दिवस?"

"महिनाभर."

डॉक्टरबाईंनी असलं काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं ते एवढंच: गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढू नका, टाके स्वच्छ ठेवा, आणि दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायला द्या, म्हणजे लाळ वाहत राहील.

"बरं बाबा. डोळा महत्त्वाचा," तो म्हणाला आणि खाली गेला. पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेज: 'वैद्यकीय कारणास्तव कोणीही भेटीस जाऊ नये. हुकुमावरून.' माझ्या थापेला त्याने शिक्का मारून दिला.

मैदान माझं झालं. दिवसातून सात वेळा मी वाटी घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसायचो. दहीभात, उकडलेलं चिकन, कधी अंडं. गळ्यात कर्ण्यासारखी कॉलर, गालावर कानापासून डोळ्यापर्यंत टाक्यांची ओळ, अशा अवताराने तो माझ्याकडे न बघता खायचा. फॉर्म भरावा तसं खाणं. मी डोळ्याकडे टक लावून बसायचो. कोपरा जरासा चमकायचा. तेवढंच. एकदा तर मी त्याला म्हटलंसुद्धा, "अरे, निदान सभ्यता म्हणून तरी." त्याने वाटी संपवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आठव्या दिवशी घाटकोपरला तपासणी. पट्टी चार भिजली.

डॉक्टरबाईंनी भुवया वर केल्या. "ऑपरेशन नीट झालंय. नळी मोकळी आहे. पण ही वाहती राहायला हवी हो. सुरुवातीच्या दिवसांत वाहिली नाही तर टोक आकसतं, बुजतं. मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही. काय देता खायला?"

मी यादी सांगितली.

"सगळं मऊ. मऊ खाण्याला लाळ लागतेय कशाला? कोरडं काहीतरी द्या, चावायला लागेल असं. आणि त्याला जीव टाकावासा वाटेल असं. असं काहीच नाही का?"

मी भिंतीवरच्या डोळ्याच्या आकृतीचा अभ्यास करत होतो.

"आहे ना," बायको म्हणाली. "आमच्या खाली राहतात त्यांच्याकडचा सुका बोंबील."

"मीठ लावलेला?"

"नाही, बिनमिठाचा. वाळवलेला. भाजून देतात."

"मग द्या की! इतके दिवस का थांबलात?"

रिक्षात बायकोने विचारलं, "भाऊजी का येत नाहीत वर? तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"भेटी बंद आहेत म्हणून."

"कोणी केल्या बंद?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"डोळा त्याचा आहे," ती म्हणाली. "तुमचा नाही." 

तरीही मी खालच्याला बोलावलं नाही. मी असा युक्तिवाद केला की बोंबील हा बोंबील आहे. तो कोणाच्या हातून येतो याच्याशी लाळेला देणंघेणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. आमच्याकडे मासे होत नाहीत, त्यामुळे सुका बोंबील विकत घ्यायची माझी पहिलीच वेळ. कोळणीने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "श्रावण लागला ना काका," ती म्हणाली, "आज भवानी तुमचीच." श्रावण लागल्याचं माझ्या ध्यानातच नव्हतं. आम्ही तो पाळत नाही. आमच्या घरात श्रावण फक्त कॅलेंडरवर येतो.

घरी येऊन गॅसवर जाळी ठेवली आणि बोंबील भाजायला घेतले. बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या, नाकाला पदर लावला आणि गॅलरीत जाऊन बसली. कुत्रा आतल्या खोलीत झोपला होता. वास पोचला तशी कॉलर दाराच्या चौकटीवर आपटल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या दारावर, आणि तो धावत बाहेर आला. मी ताटली घेऊन वाकलो. तो माझ्या बाजूने गेला, ताटलीच्या बाजूने गेला आणि थेट घराच्या मुख्य दाराशी जाऊन बसला. नाक दाराच्या फटीला. कॉलर दारावर टेकलेली.

बोंबलाचा वास आला म्हणजे खालचा आला. त्याचा हिशेब सरळ होता.

मी ताटली त्याच्यापाशी नेली. त्याने माझ्या हाताकडे एकदा बघितलं, थेंबांची बाटली असलेल्या हाताकडे बघायचा तसं, आणि पुन्हा दाराकडे वळला. आणि मग डावा डोळा भरला. आधी कडेला एक रेघ, मग पाणी गालावरून ओघळलं आणि कॉलरच्या कडेवरून टपटप खाली पडायला लागलं. मी आठ महिने ज्या ओलीची वाट बघत होतो ती आली होती, आणि ती बंद दाराला उद्देशून होती.

मी कपाळावर हात मारायच्या आत बेल वाजली.

खालचा दारात. बनियन, लुंगी, कपाळाला गंध. उंबऱ्यापासून दोन हात लांब उभा.

"पंडित, श्रावणात बोंबील? अरे, सगळा जिना घमघमतोय! तळमजल्याच्या आजी विचारतायत, सेक्रेटरी, कोण बाटलं?" बोलताना त्याने दोनदा आवंढा गिळला. तो गणपती जाईपर्यंत मासळीला शिवत नाही, आणि त्याला पहिल्या आठवड्यापासूनच ते जड जातं हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

तोवर कुत्रा त्याच्या नडग्यांवर कॉलर आपटत होता.

"आई गं! पंडित, हा रडतोय रे!"

"रडत नाही. लाळ आहे ती." मी त्याला नळीची गोष्ट सांगितली.

तो खाली बसला आणि कुत्र्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "म्हणजे माझी आठवण आली की याच्या डोळ्यातून लाळ येते?"

"बोंबलाची आठवण आली की."

"एकच झालं मेल्या ते," तो म्हणाला.

पुढचं वाक्य मला नोकरीतल्या कुठल्याही अर्जापेक्षा जड गेलं. "एक काम होतं तुझ्याकडे. हे याला तू भरवशील? दिवसातून सहा वेळा. माझ्या हातून लाळ येत नाही."

तो ताटलीकडे बघत राहिला. "श्रावण आहे रे. आमच्या हिने सुक्या मासळीचा डबा माळ्यावर टाकलाय. मी गणपती जाईपर्यंत हात लावत नाही."

"माहीत आहे."

"आणि भेटी बंद आहेत ना? महिनाभर म्हणाले होते डॉक्टर."

"डॉक्टर नव्हते म्हणाले. मी म्हणालो होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या शिव्यांची तयारी ठेवली होती, मालवणीत त्या भरपूर आहेत. त्याने खाली कुत्र्याकडे बघितलं. कुत्रा त्याच्या पायावर बसला होता, पाय ओला होत होता.

"हे नाही केलं तर डोळा जाईल काय?"

"जाईल."

"मग घरात नेणार नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडेच बसेन. मी खाणार नाही, हात लावीन फक्त. जाताना तुझ्याकडेच आंघोळ करून जाईन. तुझा साबण."

"सहा वेळा?"

"सहा वेळा करीन. बंदरात काय कमी भिजलो?" मग त्याने आवाज खाली आणला. "आणि पंडित, कुठे बोलू नको. ग्रुपवर तर अजिबात नको. हिला पण मी काहीतरी सांगेन."

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण ज्या माणसाने टाकी धुतल्याचा सोहळा केला, त्याने त्याला सगळ्यात महाग पडणारी गोष्ट करताना गुपचूप राहा म्हणावं, हे मला आवडलं नाही. त्याचा थाट मला सोयीचा होता. त्याच्याकडे थाटाशिवाय आणखी काही आहे हे कळल्यावर माझ्याकडे काय उरत होतं?

तर तो यायला लागला. सकाळी सातपासून सहा वेळा. जमिनीवर बसायचा, बोंबलाचा तुकडा दोन बोटांत धरायचा आणि लगेच द्यायचा नाही. "थांब रे राजा. तुका काय व्हया? ह्यां व्हया?" कुत्रा थरथरायचा आणि डोळा नळासारखा वाहायचा. मग मोरीत पाण्याचा आवाज, मग माझा टॉवेल. बायको घरी असली की त्याच्यासाठी चहा टाकायची आणि दोघं बोलत बसायची. तिला हसताना मी आतल्या खोलीतून ऐकायचो. घरात साबण पुरेना. मला काम एकच राहिलं होतं: तो गेल्यावर कुत्र्याच्या गालावर सुकलेली लाळ कोमट पाण्याने पुसायची. पुसताना तो भिंतीकडे बघायचा.

टाके निघाले, कॉलर निघाली, आणि पंधरा ऑगस्ट आला. आवारात खुर्च्या, झेंडा, जिलब्यांची परात. खालचा पांढऱ्या कपड्यांत माइकसमोर. झेंडावंदन झाल्यावर तो भाषणाला उभा राहिला. बायको पहिल्या रांगेत कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली होती, मी शेजारी. सकाळचं भरवणं आणि आंघोळ तासाभरापूर्वीच झाली होती. पण बोंबलाचा वास बोटांतून साबणाने जात नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. आपल्या सोसायटीतला एकोपा, असं म्हणत त्याने हात उंच केला, आणि कुत्र्याचा डावा डोळा वाहू लागला. 'एकोपा'ला थोडा, 'त्याग' या शब्दाला जोरात.

"बघा, बघा," तळमजल्याच्या आजी म्हणाल्या, "मुक्या जनावराला कळतंय." त्यांनी डोळे पुसले. मागच्या दोघी-तिघींनी पुसले. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. मग आजींनी माझ्याकडे बघितलं, माझे डोळे कोरडे आहेत याची नोंद घेतली आणि मान फिरवली. या सगळ्यामागे काय आहे हे त्या आवारात तिघांनाच माहीत होतं, आणि बोलायला तिघांनाही बंदी होती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून न वाजवणं शक्य नव्हतं.

त्या आठवड्यात घाटकोपरला शेवटची मोठी तपासणी होती. खालचा बरोबर आला. डॉक्टरबाईंनी पट्टी लावली, त्याने पिशवीत हात घालून पुडीचा नुसता आवाज केला, आणि पट्टी अर्ध्या मिनिटात टोकापर्यंत भिजली.

"काका, कमाल!" त्या म्हणाल्या. त्यांनी मशीनमधून डोळा बराच वेळ बघितला. बुबुळ स्वच्छ होत होतं. कडेचा तपकिरी पडदा जिथे होता तिथेच थांबला होता. "डोळा राहिला. आता एकच. लाळेत क्षार असतात, त्यांची पांढरी कणी बुबुळावर जमते. ती जमू नये म्हणून हे थेंब, दिवसातून दोनदा, कायमचे. थोडे झोंबतात." त्यांनी बाटली खालच्यापुढे धरली. "तुम्हीच घाला काका. तुमच्याकडे किती शांत असतो."

खालच्याने दोन्ही हात मागे घेतले. "मी?"

मी त्याचा चेहरा बघितला आणि मला सगळं दिसलं. दिवसातून दोनदा हा त्याला मांडीत दाबणार, पापणी उचलणार, झोंबणारं औषध घालणार. आठ दिवस, फार तर दहा. मग कुत्रा आवारातल्या बाकड्याखाली लपेल तो कोणाला बघून?

"हो, तूच घाल," मी म्हणालो. "मला हल्ली जवळचं नीट दिसत नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी रोज दोन वर्तमानपत्रं चष्म्याशिवाय वाचतो.

"बरं," खालचा म्हणाला. त्याने बाटली घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "शिकव मला घरी गेल्यावर."

रिक्षात कुत्रा त्याच्या मांडीवर होता. पहिली दहा मिनिटं मी खूप सुखात होतो. विक्रोळी गेलं, कांजूर गेलं. मी मनातल्या मनात बघत होतो: खालचा हाक मारतोय, राजा, आणि राजा ताठ होऊन भिंतीकडे तोंड करून बसलाय. अगदी स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात माझं लक्ष त्या भिंतीकडे बघणाऱ्या डोळ्याकडे गेलं. तो कोरडा होता. साहजिकच होतं. बोंबलाच्या हाताला थेंबांचा वास लागला की तो हातही गेला. मग सहा वेळा काय, साठ वेळा भरवलं तरी पट्टी चार भिजणार. त्या कुत्र्याच्या आयुष्यात एक माणूस असा हवा होता की ज्याला बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. मी त्या जागेसाठी बरेच दिवस अर्ज करत होतो.

भांडुपच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"दे ती बाटली," मी म्हणालो.

"का रे?"

"तुझे हात बोंबलाचे. डोळ्यात जंतू जातील."

त्याने बाटली इतक्या घाईने काढून दिली की खिशातलं पेन खाली पडलं. "बरं झालं बाबा! मला तर भीतीच वाटत होती."

"कसली?"

"हा माझ्यावर रुसेल म्हणून."

"आणि माझ्यावर रुसला तर?"

"तुझ्यावर रुसलेलाच आहे की," तो म्हणाला, अगदी सहज. बायको रिक्षाबाहेर तोंड करून हसली. मी बाटलीवरच्या सूचना वाचायला घेतल्या. अक्षरं फार बारीक होती, पण मला सगळी वाचता येत होती.

गणपती झाले, खालच्याचा डबा माळ्यावरून उतरला, आंघोळी थांबल्या. भरवणं पुन्हा बाकड्यावर चालतं, दिवसातून दोनदा. थेंब मी घालतो, तेही दोनदा. परवा संध्याकाळी मी बाहेरून येत होतो. फाटकापासून बाकडं बरंच लांब आहे, वारा माझ्याकडे येत होता, आणि मी काही आवाज केला नव्हता. कुत्रा खालच्याच्या मांडीवर होता. त्याने मान उचलली, डावा डोळा माझ्यावर रोखला, नीट ओळखलं, आणि तोंड खालच्याच्या बगलेत खुपसलं.

"पंडित!" खालचा तिथून ओरडला. "अरे, एवढ्या लांबून दिसलास तू त्याला!"

मी हात वर केला, आणि थेंबांची वेळ झाली होती म्हणून बाकड्याकडे चालायला लागलो.